जुन्या जीपच्या कमानी आणि गंज

बैलगाडीत बसून तुम्ही खडकाळ वाटेने गेला असाल. चाक दगडावर चढले की सारी गाडी उचलते आणि धाडकन खाली येते. हाडे खिळखिळी होतात. मोटारीचे चाकही त्याच दगडावर चढते. पण बसणाऱ्याला तेवढा धक्का लागत नाही. मधेच कोणीतरी तो धक्का झेलतो. तो झेलणारा भाग म्हणजे कमान.

जुन्या जीपगाडीच्या खाली वाकून पाहा. प्रत्येक चाकाजवळ पोलादाचे लांब पाटे एकावर एक बसवलेले दिसतील. सर्वांत वर लांब पाटा. त्याखाली थोडा आखूड. त्याच्याखाली आणखी आखूड. असे पाच-सात-दहा पाटे मिळून एक कमान होते. मधोमध ती यू-बोल्टने आक्सलला आवळलेली असते. तिची दोन टोके गाडीच्या सांगाड्याला, म्हणजे चॅसीला, जोडलेली असतात.

आता एक गंमत करून पाहा. बांबूची एक कामटी घ्या. ती थोडी वाकवा, दोन्ही टोके जमिनीवर टेकवा आणि मधे दाबा. काय होते? कामटी सपाट होते आणि तिची टोके एकमेकांपासून लांब सरकतात. कमानीचेही तसेच आहे. चाक खड्ड्यात आपटले की कमान सपाट होते आणि तिची लांबी वाढते. दोन्ही टोके चॅसीला पक्की ठोकून टाकली तर कमानीला हलायला जागाच राहणार नाही. म्हणून एक टोक पिनेने पक्के करतात आणि दुसरे झुलते ठेवतात. झुलते टोक ज्या तुकड्याला लटकते, त्याला शॅकल म्हणतात. शॅकल वीतभरही लांब नसतो. पण गाडीचे आणि आतल्या माणसांचे वजन त्याच्यावरून जाते. पुढच्या चाकाचा शॅकल तुटला, तर आक्सल जागेवरून सरकतो. हातात चाक असते, पण गाडी हाताचे ऐकत नाही.

गंज या तुकड्यांना खातो, आणि तेही सहसा दिसणार नाही अशा जागी. गंजणार नाहीत असे हे भाग कसे करायचे, ते आपण पाहू या.

ही गाडी कोठून आली

जीप ही लढाईसाठी बनलेली गाडी. दुसरे महायुद्ध चालू होते. अमेरिकेतील ओहायो राज्यात टोलेडो नावाचे शहर आहे. तेथील विलिस कंपनीने १९४१ साली ही गाडी मोठ्या संख्येने बनवायला घेतली. फोर्ड कंपनीनेही तीच गाडी बनवली. युद्ध संपेपर्यंत, म्हणजे १९४५ पर्यंत, दोघांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीपा बनवल्या. स्वातंत्र्यानंतर लवकरच मुंबईत माझगावला महिंद्र कंपनीने जीपची जोडणी सुरू केली. पुढे सरकारी खात्यांत, शेतीच्या कामात आणि घाटवाटांवर माणसे नेण्यात जीपने फार वर्षे चाकरी केली.

आज तीच जीप शौकाची वस्तू झाली आहे. जुनी मोडकी जीप विकत घ्यायची, सुटी करायची आणि पहिल्यासारखी करून चालवायची, असा नाद पुष्कळांना आहे. हे काम नेहमी शहरातच होते असे नाही. गावचा लेथवाला, वेल्डिंगवाला, लोहार यांच्याकडेही एखादा तुकडा घेऊन माणूस येतो आणि म्हणतो, "असाच नवा करून द्या." पैसे बरे मिळतात. म्हणून हे ज्ञान हाताशी असलेले बरे. आणि नुसते पैशांचे नाही. गाडी आपल्याच रस्त्याने जाणार आहे.

गंज म्हणजे काय

लोखंडाला पाणी आणि हवा ही दोन्ही मिळाली की गंज चढतो. दोहोंपैकी एक काढून घेतले तर गंज थांबतो. तेल लावलेली विळी गंजत नाही, कारण तेल पाण्याला आणि हवेला आत येऊ देत नाही. मीठ असले तर गंज भराभर वाढतो. म्हणून देशावरच्या गाडीपेक्षा कोकणातली, समुद्राकाठची गाडी लवकर सडते.

गंजाची आणखी एक खोड आहे. तो लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो. कमानीच्या दोन पाट्यांमध्ये गंज धरला की तो पाट्यांना एकमेकांपासून उचलतो, मग ते मोकळेपणी घसरत नाहीत. कमान कुरकुरते, ताठ होते. पाट्याच्या अंगावर बारीक खड्डे पडतात. कमान रोज हजारो वेळा वाकते आणि सरळ होते. एखाद्या खड्ड्यातून चीर सुरू होते, आणि एक दिवस पाटा तुटतो.

कोणी म्हणेल, "पूर्वीचे लोखंड गंजत नव्हते. दिल्लीचा लोहस्तंभ पाहा!" खरे आहे, तो स्तंभ सुमारे सोळाशे वर्षांचा असून फारसा गंजलेला नाही. पण त्याचे कारण वेगळे. त्या लोखंडात फॉस्फरस जास्त आहे. त्याने स्तंभाच्या अंगावर एक पातळ राखणारा थर धरला आहे. शिवाय दिल्लीची हवा बरीच कोरडी. आणि मुख्य म्हणजे तो स्तंभ एका जागी उभा आहे. त्याला खड्ड्यांतून धावावे लागत नाही.

"सगळे स्टेनलेसचे करा!"

जीपचा मालक मिस्त्रीकडे येतो तेव्हा बहुधा असे बोलणे होते.

"मिस्त्री, खालचं सगळंच सामान स्टेनलेसचं करून टाका. पुन्हा गंजाची कटकट नको."

"साहेब, ताट स्टेनलेसचं असावं. कमान नसावी."

"का? पैसे मी देतो ना!"

"पैशाचा प्रश्न नाही, साहेब. ताट वाकलं तर जेवण थांबत नाही. बोल्ट ताणला गेला तर गाडी थांबत नाही."

मिस्त्री बरोबर बोलला. स्टेनलेस म्हणजे काय ते आधी समजून घेऊ. १९१३ साली इंग्लंडमधील शेफील्ड शहरात हॅरी ब्रेअर्ली नावाचे गृहस्थ बंदुकीच्या नळ्यांसाठी चांगले पोलाद शोधत होते. पोलादात त्यांनी शंभरात सुमारे तेरा भाग क्रोमियम घातले. ते पोलाद गंजेना. क्रोमियमचा हवेशी संयोग होऊन पोलादावर एक पातळ साय धरते. ती डोळ्यांना दिसत नाही. ओरखडा पडला तर ती आपोआप पुन्हा धरते. मात्र त्यासाठी तिला हवा लागते.

येथेच अडचण आहे. गाडीच्या खाली चिखल बसतो. खाऱ्या चिखलाखाली हवा नीट पोचत नाही. साय फाटली तर पुन्हा धरत नाही आणि स्टेनलेसलाही टाचणीने टोचल्यासारखी बारीक भोके पडतात. स्टेनलेस गंजतच नाही, ही समजूत चुकीची आहे. भांड्यांच्या चांगल्या स्टेनलेसला ३०४ नंबर म्हणतात. समुद्राकाठी ३१६ नंबरचे जास्त टिकते, कारण त्यात मॉलिब्डेनम नावाचा आणखी एक धातू असतो. बाजारात लोक चुंबक लावून पाहतात. चिकटला नाही तर "अस्सल" म्हणतात. या परीक्षेवर विसंबू नये. हलक्या प्रतीच्या काही स्टेनलेसलाही चुंबक चिकटत नाही.

दुसरी अडचण बळाची. बोल्टच्या डोक्यावर बारीक आकडे उठवलेले असतात. ते वाचायला शिका. आता तुम्हाला आकडे वाचता येतात, त्याचा हा खरा उपयोग. इंग्रजी आकड्यांत ८.८ लिहिले असेल तर तो पक्का पोलादी बोल्ट. त्याच्या एक चौरस मिलिमीटर जाडीवर, म्हणजे ज्वारीच्या दाण्याहूनही लहान जागेवर, सुमारे ८० किलो भार आला की तो तुटतो. १०.९ लिहिले असेल तर सुमारे १०० किलोंवर तुटतो. स्टेनलेसच्या नेहमीच्या बोल्टवर ए-२-७० लिहिलेले असते. तो सुमारे ७० किलोंवर तुटतो.

तुम्ही म्हणाल, ७० आणि ८० यांत असा काय फरक? फरक तुटण्यात नाही, ताणण्यात आहे. ८.८ चा बोल्ट सुमारे ६४ किलोंपर्यंत ताण सोसतो आणि ताण गेला की मूळ लांबीवर येतो. ए-२-७० चा बोल्ट ४५ किलोंच्या पुढे कायमचा लांबतो. लांबला की नट सैल पडतो. सैल बोल्टला दर खड्ड्यात ठोका बसतो. ठोके खाऊन खाऊन तो एक दिवस तुटतो. म्हणून जेथे मूळचा ८.८ किंवा १०.९ बोल्ट असेल, तेथे चकाकीला भुलून स्टेनलेसचा बोल्ट घालू नये. शोभेच्या जागी, पाटी किंवा दिवा धरायला, खुशाल घालावा.

स्टेनलेसचा नट स्टेनलेसच्याच बोल्टवर कोरडा आवळला, तर आटे एकमेकांत रुतून बसतात. मग कापूनच काढावा लागतो. आट्यांना खास ग्रीस लावूनच तो फिरवावा.

शॅकलच्या पट्ट्या करणे

जुन्या विलिस जीपचे शॅकल यू आकाराचे, घडीव असतात. त्यांच्या टोकांना आटे असतात आणि काही आटे उलटे असतात. काढताना आधी पाहावे, मग पाना फिरवावा. असा शॅकल गावात करू नये. तो तयार मिळतो, तोच घ्यावा. पण पुष्कळ गाड्यांचे शॅकल म्हणजे दोन साध्या पट्ट्या आणि दोन पिना. या पट्ट्या चांगल्या करता येतात.

आधी मोजमाप. जुन्या पट्टीच्या दोन भोकांमधले अंतर नीट मोजा. भोके झिजून लांबट झालेली असतात, म्हणून एकाच पट्टीवर भरवसा ठेवू नका. चारही चाकांच्या पट्ट्या ताडून पाहा. "थोडी लांब करा, गाडी उंच दिसेल," असे मालक म्हणेल. त्याला हात जोडून नाही म्हणा. पुढचा शॅकल लांब केला की पुढच्या आक्सलचा कल बदलतो आणि गाडी वळणावर नीट वागत नाही.

पट्टी माइल्ड स्टीलची घ्या. जाडी मूळ पट्टीएवढी, कमी नाही. दोन्ही पट्ट्या एकावर एक आवळून एकदम ड्रिल करा. म्हणजे भोके समोरासमोर येतात आणि पिन तिरकी बसत नाही. गॅसने भोक पाडू नका. गॅसने भोकाची कड खडबडीत होते, आणि चीर नेहमी खडबडीत कडेतून निघते. सगळ्या कडा कानशीने गोल करा. हे काम कंटाळवाणे आहे, पण टाळू नका. नंबर ठोकायचा असेल तर पट्टीच्या मधोमध ठोका, भोकाजवळ नको.

आता गंजाचा बंदोबस्त. माझ्या मते या पट्टीला जस्ताचा गरम मुलामा सर्वांत चांगला. पाण्याच्या बादलीवर आणि छपराच्या पत्र्यावर जस्तच असते. कारखान्यात पट्टी आधी आम्लात धुतात, मग वितळलेल्या जस्तात बुडवतात. हे जस्त सुमारे ४५० अंश सेल्सिअस तापलेले असते. पट्टी जाड असेल तर तिच्यावर सुमारे ८५ मायक्रॉन जाडीचा थर चढतो. म्हणजे डोक्याच्या एका केसाएवढा. पण तो लोखंडात मुरलेला असतो, रंगासारखा सोलून निघत नाही. आणि जस्ताचा गुण असा, की ओरखडा पडून लोखंड उघडे पडले, तरी गंजायची पाळी आधी जस्त स्वतःवर घेते. थोरला भाऊ धाकट्यावरचा मार आपल्या पाठीवर घेतो, तसे. रंगाला हे जमत नाही.

कापणे, ड्रिल करणे, वेल्डिंग करणे हे सारे जस्त चढवण्याआधीच उरकून घ्यावे. जस्त चढलेल्या तुकड्यावर वेल्डिंग करू नये. जस्ताचा पांढरा धूर निघतो. तो छातीत गेला तर संध्याकाळी हुडहुडी भरते, ताप येतो. जुना जस्ती पत्रा भट्टीत घालणाऱ्या लोहारांनीही हे लक्षात ठेवावे. आणखी एक गोष्ट. जस्त भोकातही बसते. भोक आधीच थोडे मोकळे ठेवावे, नाहीतर नंतर रीमर फिरवून साफ करावे. तेथले जस्त गेले तरी पिनेचे ग्रीस ती जागा राखते.

स्टेनलेसच्या पट्ट्या केल्या तर चालतील का? जाडी कमी केली नाही तर चालतील. पण स्टेनलेस आणि साधे लोखंड ओल्यात एकमेकांना चिकटून राहिले, तर गंज साध्या लोखंडावर तुटून पडतो. तुमची पट्टी चकचकीत राहते आणि चॅसीचा कान कुजतो. कान बदलणे पट्टी बदलण्याहून फार महाग.

पाट्यांना आम्ल लावू नका

शॅकलच्या पट्टीला जे चालते, ते कमानीच्या पाट्याला चालत नाही. पाटा हे कडक, पाणी दिलेले पोलाद आहे. ते आम्लात बुडवले की आम्ल लोखंडाला खाताना हायड्रोजन वायू निघतो. तो वायू कडक पोलादात शिरतो. बाहेरून काहीच दिसत नाही. पाटा स्वच्छ, सुंदर दिसतो. पण काही तासांनी किंवा दिवसांनी ताण आला की तो काचेसारखा तडकतो. मऊ लोखंडाला ही भीती नाही.

म्हणून पाट्यांना गरम जस्त नको, क्रोमची चकाकीही नको. तसेच १०.९ चे बोल्ट गल्लीतल्या मुलामेवाल्याकडे देऊ नका. चांगल्या कारखान्यात मुलामा चढवल्यावर लगेच असे बोल्ट सुमारे २०० अंशांवर काही तास भाजतात. त्यामुळे आतला वायू निघून जातो. ही भट्टी प्रत्येकाकडे नसते.

पाट्याला गॅसने तापवून सरळ किंवा वाकडा करू नये. त्याचे पाणी उतरते. त्यावर वेल्डिंगचा एक टिपकाही नको. कमान बसलेली असेल तर कमानीचेच काम करणाऱ्याकडे न्यावी. तो पाटा तापवून वाकवतो, तेलात विझवतो आणि पुन्हा बेताने तापवून त्याचा ठिसूळपणा घालवतो. आपल्याला करायचे ते असे: पाटे सुटे करावे. तारेच्या ब्रशने गंज काढावा. मधल्या भोकाजवळ आणि टोकाच्या डोळ्याजवळ चीर आहे का, उन्हात धरून पाहावे. चीर दिसली तर पाटा भंगारात टाकावा, दया करू नये. चांगल्या पाट्यांना जस्ताची पूड असलेला प्रायमर लावावा. रंग वाळल्यावर मधे ग्रॅफाइटचे ग्रीस चोपडून पाटे जुळवावे.

जुने मिस्त्री प्रायमर म्हणून शेंदूर लावीत. शेंदरात शिसे असते. तो गंज चांगला अडवतो, यात शंका नाही. पण शिसे हे विष आहे. जुन्या जीपचा नारिंगी थर कोरडा घासू नका. पाणी मारून घासा, तोंडाला फडके बांधा, आणि लहान मुलांना तेथे खेळू देऊ नका.

पिना, बुश आणि जळके ऑइल

पिनेची कथा निराळी. तिचे अंग कडक हवे, म्हणजे झिजणार नाही. पोट चिवट हवे, म्हणजे तुटणार नाही. असे पोलाद घरगुती भट्टीत साधत नाही. पिन विकतच घ्यावी. तिचे रक्षण ग्रीस करते. ग्रीस गनने निपलमधून ग्रीस भरताना जुने काळे ग्रीस बाहेर येते. नवे, स्वच्छ ग्रीस दिसू लागेपर्यंत भरावे. त्याबरोबर आतले पाणी आणि रेतीही निघते. पावसाळ्यात हे काम लवकर लवकर करावे.

रबरी बुश असेल तर मात्र तेल-ग्रीस लांब ठेवा. पावसाळ्याआधी गाडीखाली जळके ऑइल फवारण्याची चाल आहे. लोखंड त्याने काही दिवस वाचते, पण रबर फुगून मऊ पडते. वर त्या ऑइलला धूळ चिकटते, ती निराळीच. ब्रेकवर उडाले तर मग विचारूच नका.

जोडणी

गाडीखाली शिरण्याआधी चॅसीला लाकडी ठोकळ्यांचा भक्कम आधार द्या. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कधीही जाऊ नका. यू-बोल्ट नवेच घाला. जुना यू-बोल्ट एकदा ताणलेला असतो. सळई तापवून वाकवून घरी केलेला यू-बोल्ट तर मुळीच नको. रबरी बुशचे बोल्ट आधी सैलसर लावा. गाडी चाकांवर उतरवा. वजन पडून कमान आपल्या जागी बसली, की मग आवळा. गाडी वर टांगलेली असताना आवळले, तर खाली आल्यावर रबर पिळलेले राहते आणि लवकर फाटते.

मालकाला एक कायद्याची गोष्ट सांगून ठेवा. २०२१ साली केंद्र सरकारने जुन्या गाड्यांच्या नोंदणीचे नियम केले. पन्नास वर्षांहून जुनी गाडी जुनी ठेव म्हणून नोंदवता येते. पण तिची चॅसी, सांगाडा किंवा इंजिन यांत मोठा फेरबदल केलेला चालत नाही. म्हणून चॅसीचे कान कापून नव्या जागी लावायला तो सांगेल, तर आधी विचार करायला लावा.

गाडी दिली की काम संपले असे नाही. थोडे दिवस चालवून ती परत आणायला सांगा. नवे पाटे आणि नवा रंग दाबून बसतात, आणि यू-बोल्टचे नट हमखास थोडे सैल होतात. ते पुन्हा आवळा. प्रत्येक नटावर आणि त्याच्या बोल्टवर मिळून रंगाची एक आडवी रेघ मारा. पुढच्या वेळी रेघ तुटलेली दिसली, तर नट फिरला आहे असे समजा. समुद्राच्या वाळूत गाडी नेली असेल, तर त्याच दिवशी गोड्या पाण्याने खालून धुवायला सांगा. शॅकलच्या मागे आणि कमानीच्या टोकाला चिखलाचे गोळे बसतात, तेथे बोट घालून पाहायला सांगा.